मानाची चढाई

पावसाने शेवंतीची पार माती केली होती. दिवाळी होऊन गेली तरी तो जायचं नाव घेत नव्हता, आणि गेला तेव्हा वाफ्यातली पांढरी फुलं देठाशी तपकिरी पडली होती. कोंडाजी मौले सरीत उतरला तो डावा पाय सरळ ठेवूनच. त्याचा तो पाय गुडघ्यात वाकत नाही. फूल तोडायचं तर उजव्या गुडघ्यावर बसायचं, डावा पाय बाजूला पसरायचा, हाताच्या टप्प्यातली झाडं संपली की दोन्ही हात चिखलात टेकून उठायचं, थोडं पुढे सरकायचं आणि पुन्हा बसायचं. नव्या माणसाला हे बघून हसू येईल. माळेवाडीत आता कोणी हसत नाही, सगळ्यांना सवय झाली आहे.

शेजारच्या सरीत त्याची बायको भागुबाई होती. ती फूल तोडायची, उलटं करून देठ बघायची आणि दहातली आठ बांधावर भिरकावून द्यायची. पलीकडे त्यांची एकुलती एक मुलगी छाया दोन्ही हातांनी भराभर तोडत होती. तिला वाईट फूलसुद्धा फेकवत नव्हतं.

"छाये, हा कचरा कशाला भरती कॅरेटमधी? नाशकात व्यापारी तोंडावर फेकंल," भागुबाई म्हणाली.

छाया तोडतच राहिली. ह्या शेवंतीच्या पैशांवर मंडळाची नोंदणी व्हायची होती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मंडळ म्हणजे मार्तंड क्रीडा मंडळ. नाव भारदस्त असलं तरी प्रकार साधाच. सायखेड्याच्या रस्त्याला खंडोबाचं देऊळ, देवळासमोर कोंडाजीच्या वावराचा एक तुकडा, त्यावर गोदावरीचा गाळ पसरून, पाणी मारून, लाकडी धुम्मसाने चोपून केलेलं कबड्डीचं मैदान, आणि दिवसभराची कामं उरकून संध्याकाळी त्यावर खेळणाऱ्या गावातल्या पोरी. कोंडाजी त्यांना शिकवायचा. पोरी त्याला नाना म्हणत, छायाही नानाच म्हणे. खेळ चांगला होता. पण गोदाकाठ हौशी कबड्डी संघ नावाची जी संघटना आहे, तिचं सभासद असल्याशिवाय त्या खेळाला मोल नव्हतं. सभासद झालं की खेळाडूंना ओळखपत्र मिळतं, पौषातल्या निवड चाचणीला उतरता येतं, तिथून निवड झाली तर राज्य स्पर्धा, आणि राज्य खेळलेल्या पोरीला पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर हक्क सांगता येतो. छायाला तेच हवं होतं. भरतीचं तिचं वय होतं आणि चढाई करताना तिच्या पायाला हात लावणारी पोरगी आसपासच्या गावात नव्हती.

कोंडाजीला मात्र ह्या सगळ्यातली एकच गोष्ट हवी होती. नोंदणी असलेल्या खेळाडूला दुखापत झाली तर उपचाराचा विमा होता. त्याचा स्वतःचा गुडघा देवळासमोरच गेला होता. तेव्हा आधी हाडवैद्याने पाय ओढला, मग नाशिकच्या डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं, मग कांद्याचा भाव पडला आणि ऑपरेशन पुढच्या वर्षावर गेलं. ते पुढचं वर्ष आलंच नाही. आपला पाय गेला तो गेला, पोरीचा असा राहू नये, एवढं एकच त्याने मनात धरलं होतं. तो हे कोणाला बोलून दाखवत नसे. मैदानावर पोरगी पडली की तो आधी तिच्या गुडघ्याकडे बघायचा आणि मग तोंडाकडे.

शेवंतीचे जे पैसे आले ते पिकअपच्या भाड्यात आणि औषधवाल्याच्या उधारीत संपले. नोंदणीची वर्गणी तशीच राहिली. तेव्हा मनालीने, म्हणजे संघाच्या दुसऱ्या चढाईपटूने, सुचवलं की आपण सगळ्या मिळून द्राक्षाचं काम उक्तं घेऊ. डिपिंगचे दिवस होते आणि बागवाल्यांना माणूस मिळत नव्हतं. मैदानावरची टोळी बागेत नेली, एवढाच काय तो फरक.

बाग झुंबरशेठची होती. मगात औषधाचं पाणी घ्यायचं, वेलीवरचा कोवळा घड त्यात अलगद बुडवायचा, झटकायचा, पुढच्या घडाकडे जायचं. काम हलकं दिसतं. पण मंडप डोक्याच्या वर असतो, हात सतत उचललेले, मान मागे टाकलेली. दुपारपर्यंत खांदे भरून येतात आणि औषधाचं पाणी मनगटावरून ओघळून काखेत जातं. भागुबाईही पोरींबरोबर गेली होती. तिची मान संध्याकाळी खाली येईना, तेव्हा छायाने बांधावर बसवून ती चोळून दिली.

झुंबरशेठ मधूनमधून ओळीतून फिरायचा. एकदा मनालीच्या हातून एक घड तुटला. तो त्याने उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा हातात धरून उभा राहिला. म्हणाला, इथं पकडी करायला आणलेलं नाही तुम्हाला. मग छायाकडे बघून म्हणाला, तुझा बाप खेळला तर लंगडा झाला, तुला कशाला ती हौस. छायाचा मग हवेतच थांबला. भागुबाईने मान वर ठेवूनच सांगितलं, "शेठ, घड मोजून कापून घ्या मजुरीतून. बाकीचं राहू द्या." झुंबरशेठने खरंच पैसे कापून घेतले. वर्गणीपुरते तरीही उरले.

संघटनेचं कार्यालय नाशकात द्वारका चौकाजवळ, एका ट्रान्स्पोर्टवाल्याच्या गाळ्यावर होतं. कोंडाजी, छाया आणि मनाली सकाळच्या एसटीने गेले. जिना अरुंद होता. कोंडाजी एक पायरी चढायचा, वाकत नसलेला पाय वर ओढून घ्यायचा, थांबायचा. खालून हमाल पोती घेऊन येत होते. त्यांना वाट द्यायची म्हणून तो भिंतीला चिकटला, आणि अंगावरचा धुतलेला सदरा चुन्याने पांढरा झाला. छायाने तो झटकायला हात पुढे केला. त्याने तो हात बाजूला केला.

वर अश्विन नावाचा तरुण होता. त्याने बराच वेळ फोनवर घालवला. वागायला वाईट नव्हता, कामात होता इतकंच. वर्गणी घेतली, मुदत उलटली म्हणून वरचे थोडे घेतले, पोरींचे फोटो लावून घेतले. मैदान कुठलं विचारलं. कोंडाजीने अभिमानाने सांगितलं की स्वतःच्या वावरातलं, नदीच्या गाळाचं. अश्विन म्हणाला, आता सगळं मॅटवर असतं काका, पण चालेल. मग पाठ केल्यासारखे फायदे सांगितले, विम्याचंही सांगितलं. कोंडाजीने विम्याचं दोनदा विचारून घेतलं.

हौशी खेळाडू म्हणजे ज्याला खेळण्याचे पैसे मिळत नाहीत तो. भरावे मात्र त्यालाच लागतात. पण कोंडाजीची त्या दिवशी काही तक्रार नव्हती.

शेवटी अश्विनने नियम सांगितला. नोंदणी झालेल्या खेळाडूने मान्यता नसलेल्या सामन्यात उतरायचं नाही. गेल्या साली पलीकडच्या तालुक्यातली रोहिणी म्हणून एक गुणी मुलगी अशीच एका यात्रेत खेळली, कोणीतरी मोबाईलवर काढलं, ते इथे आलं. दोन वर्षं बंद.

"बरोबर हे," कोंडाजी म्हणाला. "शिस्त पायजेच."

हे तो मनापासून म्हणाला. त्यात त्याला काही अडचण दिसली नाही, कारण चंपाषष्ठीचा दिवस त्याच्या लेखी सामन्यात मोडतच नव्हता.

माळेवाडीत चंपाषष्ठीला खंडोबाची यात्रा भरते आणि बारागाड्या ओढतात. गाड्या हलण्याआधी नदीपल्याडच्या गावाची माणसं देवळासमोरच्या मैदानात अर्ध्या भागात उभी राहतात, आणि माळेवाडीकडून मौल्यांच्या घरातलं एक माणूस कपाळाला भंडारा लावून त्यांच्या अंगणात चढाई करून येतं. कोणाला शिवायचं नसतं. दम न सोडता मागची रेघ शिवायची आणि कोणाच्या आधाराशिवाय परत यायचं. कोणी हात लावला तर मान मोडला. चढाई परत आल्याशिवाय गाड्या हलत नाहीत. त्यानंतर मग दोन्ही गावांचा खरा सामना व्हायचा. गुडघा गेला त्या साली कोंडाजीने मानाची चढाई करून सामनाही खेळला होता, आणि पल्याडच्या चिमाजीने त्याचा घोटा धरला होता. चिमाजीचा त्यात काही गुन्हा नव्हता, पकड चोख होती. पुढे काही वर्षं चढाई कशीबशी चुलतभावाने केली. तो वारल्यावर मौल्यांच्या घरात छायाच उरली. पोरीच्या जातीने मान घ्यायचा का, यावर गाव बराच काळ घुटमळलं. मग यात्रा कमिटीचा मल्हारी म्हणाला, घरातलं माणूस म्हंजे माणूस. छायाने चढाई केली आणि दुसऱ्या वर्षापासून ती बघायला निम्मा सायखेडा लोटायला लागला.

एसटीत छाया खिडकीशी बसली होती. ओझर मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, "नाना, चंपाषष्ठीचं काय?"

"काय त्याचं?"

"मला नाय उतरता यायचं."

कोंडाजी हसला. तो सामना थोडाच हे, म्हणाला, देवाचं हे. छाया खिडकीबाहेरच बघत राहिली. म्हणाली, मैदान, रेघ, समोर सात माणसं, आणि चारी बाजूंनी मोबाईल. माझा मागच्या सालचा व्हिडिओ अश्विनच्या फोनमधी पण असंल. कोंडाजीचं हसू हळूहळू गेलं. त्याने खिशातली पावती चाचपली.

दुसऱ्या दिवशी त्याने अश्विनला फोन लावला. परवानगी काढता येते, अश्विन म्हणाला, पण अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो, पंच आमचे येतात, आणि देवाच्या कामात आम्ही पडत नाही. नियम मी केलेला नाही काका. कोंडाजीने मग वेगळंच विचारलं. मी उतरलो तर? अश्विनला आधी कळलंच नाही. कळल्यावर म्हणाला, तुमची कुठे खेळाडू म्हणून नोंदणी आहे? तुम्ही काहीही करा, आमचा संबंध नाही. शेवटी म्हणाला, विमा पण नाही हां, काका. कोंडाजीने फोन ठेवून दिला. हे बोलणं त्याने घरात सांगितलं नाही.

छाया उतरणार नाही हे कानावर गेलं तसा मल्हारी संध्याकाळी आला. ओट्यावर बसला, चहा घेतला, आणि मग बोलायला लागला तो थांबेना. संघटना काल आली, देव आधीपासून हे. गाड्या हलल्या नाय तर गावानं कोणाला जबाबदार धरायचं. मोबाईल बंद ठेवायला लावू, दवंडी देऊ. छाया आतून म्हणाली, दवंडीचाच व्हिडिओ काढतील. मल्हारीला तो उद्धटपणा वाटला. तो उठला आणि कोंडाजीकडे बघून म्हणाला की पोरीला मान दिला तेव्हा गावानं बोटं मोडली होती, मी सांभाळून घेतलं, आता तुझं तू बघ. हे खरं होतं, आणि म्हणूनच कोंडाजीला ते लागलं.

मल्हारी गेल्यावर छाया बाहेर आली. "नाना, तुम्ही म्हणाल तर मी जाते. तुम्ही सांगा."

कोंडाजीने वर बघितलं नाही. पोरीने सगळं आपल्या अंगावर टाकलं याचा त्याला राग आला, आणि तिने दुसरं काय करावं हेही त्याला सुचेना. तो म्हणाला, बघू. चुलीपुढून भागुबाई म्हणाली, "बघू बघू करीत तुमचा पाय गेला."

पुढचे दिवस कामाचे होते आणि कामात बोलणं कमी लागतं. शेवंतीचा उरलेला वाफा उपटून टाकायचा होता. ओली झाडं मुळासकट येत नव्हती, कोंडाजी बसून ती हाताने ओढायचा आणि छाया मागून गोळा करून बांधावर नेऊन टाकायची. तिच्या मनात सारखं येई की नाना आता सांगेल. तो पाणी आण म्हणायचा, विळा दे म्हणायचा. संध्याकाळी पोरी खेळायला आल्या की तो मैदानाच्या कडेला उभा राहायचा, पण शिकवायचा नाही. पाऊस गेल्यावर मैदानाला भेगा पडल्या होत्या, एका कोपऱ्यातला गाळ वाहून गेला होता. त्याने नदीवरून नवा गाळ आणून पसरला, पाणी मारलं, आणि भागुबाईला घेऊन धुम्मसाने माती चोपली. धुम्मस उचलताना त्याचा पाय थरथरायचा. भागुबाई म्हणाली, कशाला एवढी चोपताय, पोरगी तर उतरायची नाय. तो म्हणाला, माणूस पडलं तर लागू नये.

तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. ती त्याला अडवू शकली असती. पण मग पोरीला उतरावं लागलं असतं, नाहीतर गाव उरावर बसलं असतं. तिने त्या रात्रीपासून जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडायला घेतल्या आणि एरंडाचं तेल कोमट करून त्याच्या गुडघ्याला लावायला लागली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती.

चंपाषष्ठीला ऊन कडक पडलं. बाराही गाड्या एकामागे एक जोडून देवळाच्या उतारावर उभ्या होत्या, त्यांवर पोरंटोरं चढून बसली होती, भंडाऱ्याने रस्ता पिवळा झाला होता. पल्याडची माणसं मैदानात आपल्या भागात उभी राहिली. त्यांच्यामध्ये आता खेळत नसलेला चिमाजीही मानासाठी उभा होता. माळेवाडीची माणसं छायाला शोधत होती. ती मनालीबरोबर मैदानाबाहेर, मधली रेघ जिथे संपते तिथे उभी होती, अंगात साधा पंजाबी ड्रेस. ती सकाळपासून वाट बघत होती की नाना येऊन एक शब्द सांगेल.

कोंडाजी देवळातून बाहेर आला तो धोतर वर खोचून. गुडघ्याला लुगड्याच्या पट्ट्या करकचून बांधलेल्या होत्या. कपाळाला भंडारा होता.

मल्हारीने त्याला विचारलं, अरे, तू? कोंडाजी म्हणाला, "मौल्याच्या घरातलं माणूस पायजे ना? मी हे की." आणि त्याने दम लावला.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आवाज खणखणीत होता. गावाने तो किती वर्षांत ऐकला नव्हता. सरळ पाय अर्धवर्तुळात फिरवत तो रेघ ओलांडून गेला. समोरची तरुण पोरं काय करावं न कळून मागे सरकली. शे-सव्वाशे मोबाईल वर झाले. त्याने मागची रेघ पायाने शिवली, लोकांनी येळकोट केला, आणि वळताना तो पडला. वळायला गुडघा लागतो.

आधी कोणाला वाटलं उठेल. त्याने हात टेकले, सरीत टेकायचा तसे, पण डावा पाय खाली आलाच नाही, बाजूला भलतीकडे गेला. तोंडातला दम मात्र सुटला नव्हता. पल्याडचं एक पोरगं त्याला उचलायला पुढे झालं तेव्हा चिमाजीने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "हात नको लावू," चिमाजी म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग कोंडाजी सरपटायला लागला. कोपराने पुढे जायचा, पाय ओढून घ्यायचा. कबड्डी बारीक झालं होतं, पण तुटत नव्हतं. गाळ मऊ होता, त्याने स्वतःच चोपलेला. तो सरळ न जाता तिरका येत होता, रेघेच्या ज्या टोकाला छाया उभी होती तिकडे. भागुबाईने तोंडात पदर धरला होता. छायाला एकच कळत होतं की तिथे तिने असायला हवं होतं. ती वाकली, तिचे हात पुढे झाले. चारी बाजू गप्प होत्या आणि त्याचा दम आता फक्त तिलाच ऐकू येत होता.

त्याचा हात चुन्याच्या फक्कीच्या मधल्या रेघेवर पडला. त्याने दम सोडला. गाल मातीला टेकला होता, तोंडात गाळ गेला होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोर तिचा पाय होता, रेघेच्या आत आलेला.

"छाये," तो म्हणाला, "पाय मागं घे. मोबाईल चालू हेत."

तिने पाय मागे घेतला. वर देवळाच्या उतारावर बारागाड्या हलल्या.